लाईट जाईपर्यंतचा पिक्चर

वसुबारसेचा दिवस. रक्कम दोनशे चाळीस रुपये. हजर तिघं: मी, माझा चुलत भाऊ विकास आणि दौंडच्या स्टेशनबाहेरचा एक डीव्हीडीवाला, जो भाड्यानं पिक्चर देण्याचा धंदा मोडून मोबाईल रिचार्जचं दुकान टाकणार होता. वस्तू म्हणजे आठ चकत्या, एकाच परदेशी हिरोचे आठ भाग, हिंदीत डब केलेले, प्रत्येकी तीस रुपये. निम्मे पैसे माझे, निम्मे विकासचे. आठही चकत्या दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखव, मगच पैसे, असा आग्रह मी धरला. तो म्हणाला, "सगळ्या शेवटपर्यंत बघून घ्यायच्या असतील तर दिवाळी इथंच करा." विकासला लाज वाटली. मला नाही वाटली. आमच्या घरात नुसत्या शब्दावर वस्तू घ्यायची पद्धत नव्हती, आणि मी आजही घेत नाही. दौंडला आम्ही आलो होतो ते तात्यांच्या कामानं. तात्या म्हणजे विकासचे वडील, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पाटसच्या साखर कारखान्यावर, ऊस पडतो त्या गव्हाणीवर ते सीझनला कामाला असत, आणि त्यांची गादी, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी खोलीवर पोचवून आम्ही गावी परत निघालो होतो.

आमचं गाव निमोण्याच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. संध्याकाळी मेंढवाड्यात आत घेताना एकेक डोकं मोजायचं, कमी भरलं तर आधी लांडग्यावर नाही, शेजाऱ्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची शिकवण. मेंढरं गेली, शेती आली, पण मोजणं राहिलं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, तिन्हीसांजेला अंगणातल्या खुर्च्यासुद्धा मोजत. आई आणि काकू एकाच चुलीवर, म्हणजे चूल आणि शेजारचा गॅस मिळून, बारा माणसांचं करत. दोघी एकमेकींशी गोड बोलत, आणि गुळाच्या डब्यावर पीठ भुरभुरून ठेवत, कुणाची बोटं उमटतात ते बघायला. दोघींनाही ते ठाऊक होतं. भाकरी थापल्याचा आवाज कुणाचा, हे मला डोळे मिटून कळायचं: आईचा भरभर, काकूचा सावकाश आणि जड. हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे शिजत, लसणाचा वास रस्त्यापर्यंत जाई. आप्पा शेत आणि व्यवहार बघत. तात्या सीझनला कारखान्यावर, बाकीचे दिवस शेतात. पगार ते आप्पांच्या हातात देत. घर एकत्र होतं, आणि एकत्र आहे म्हणूनच प्रत्येकाचं दुसऱ्यावर लक्ष होतं.

पिक्चर छोटा करायची कल्पना लोडशेडिंगमुळं सुचली. तेव्हा गावाला लाईट संध्याकाळी सहाला यायची आणि साडेनवाला जायची. आली की आधी ट्रान्सफॉर्मर घुमायचा, मग पोरांचा ओरडा, मग विहिरींवरच्या मोटारी. जेवणं उरकून आठ वाजता पहिला भाग लावला आणि हिरो कड्यावरून पडत असताना सगळं घर अंधारात गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला, कारण आदल्या दिवशी न आलेले तिघं आले होते. या हिशेबानं आठ भाग संपायला उन्हाळा उजाडला असता. मी सगळ्यांची बेरीज केली: सोळा तास. मी विकासला म्हणालो, "ह्याचे तीन तास कर. लाईट यायला-जायला अर्धा तास मागंपुढं धर." मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कुठलीही गोष्ट भागाकारानं सुटते असं मला वाटायचं.

विकास बारावीनंतर शिरूरला जगन्नाथमामांच्या स्टुडिओत लागला होता. हे मामा नात्यातले नव्हेत, सगळा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. लग्नाचं शूटिंग करायचे आणि विकास कॉम्प्युटरवर त्याचं मिक्सिंग करायचा. तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, त्यामुळं कॉम्प्युटर रिकामा होता. मिक्सिंगचा मामांचा एक नियम होता आणि तो त्यांनी विकासला पहिल्या दिवशी सांगितला होता: "वेळ काप, माणूस कापू नको. भटजी कापला तरी चालंल. नवऱ्याचा चुलता कापला, तर लग्न मोडंल." हे थट्टेनं म्हटलेलं नाही. आमच्याकडं 'आम्हाला व्हिडिओत धरलं न्हाई' यावरून सोयरीक तुटलेली मी दोनदा पाहिली आहे. आहेर करताना प्रत्येक माणूस तोंड कॅमेऱ्याकडं करून थांबतो आणि पुढं ते तोंड दिसतं का नाही हे घरी बसून तपासतो. दुसरा नियम: कापलेलं फेकायचं नाही. सहा महिन्यांनी कुणाची तरी आत्या विचारत येतेच.

आम्ही बसलो. मी वेळ मोजायचो, विकास कापायचा. पिक्चरमधल्या माणसांची नावं अवघड होती, म्हणून आम्ही आमची ठेवली. हिरो म्हणजे 'उडणारा'. सूर्य विझलेल्या कुठल्याशा ग्रहावर त्याचा किल्ला, तिथं त्याची म्हातारी आई आणि एक 'धाकला', म्हणजे लहान भाऊ. ताकद सगळी एका पट्ट्यात. पट्टा उडणाऱ्याच्या, म्हणजे थोरल्याच्या, कमरेला. पहिल्या सहा भागांत उडणारा बाहेर जाऊन लढतो आणि धाकला घर सांभाळतो: भिंती लिंपतो, दिवा विझू देत नाही, आईला पाठीवर घेऊन जिने चढतो. सातव्यात तो म्हणतो, पट्टा थोडे दिवस मला दे. थोरला देत नाही. आठव्यात धाकला शत्रूला जाऊन मिळतो.

तीन तासांत बसवायचं तर काय काढायचं हे उघड होतं. मारामाऱ्या ठेवल्या, बाकी काढलं. एकदाच विकासचा हात थांबला. म्हणाला, "मामा म्हणत्यात माणूस कापू नको." मी म्हणालो, "लग्नातला. ह्यांची भावकी काय बघायला येणार हाय का?" तो हसला. मीही हसलो. सहा भागांतला धाकला निघाला आणि आमच्या पिक्चरमध्ये तो पहिल्यांदा दिसला ते थेट पट्टा मागताना.

घरात मात्र वेगळाच संशय होता. "ल्हान करायला एवढं दिवस लागत्यात व्हय?" काकू म्हणायची. "आमी पदर दुमडतो तर एका मिनिटात ल्हान होतो." आई माझे खिसे तपासायची, तंबाखू सापडेल म्हणून. आप्पांना वाटलं, पोरं नको ते पिक्चर बघतात. एका दुपारी ते न सांगता स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर उडणारा एका शहरावर घिरट्या घालत होता. आप्पांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ह्याला पगार कोण देतो?"

"कुणी न्हाई, आप्पा."

"मंग खातो काय? एवढी गावं वाचवायची आन् घरचं कोण बघतं?"

विकास म्हणाला, "घरी धाकला हाय त्याचा." आप्पा 'बरं' म्हणाले आणि गेले. विकासचं ते वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिलं.

पिक्चर दाखवला तो तात्यांच्या सुट्टीच्या दिवशी. कारखाना सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. तात्या पाटसवरून चौफुला, तिथून न्हावरा असं करत दुपारी आले होते. अंगाला मळीचा वास, आंघोळ करूनही न जाणारा. अंगणात ओट्यावर टीव्ही ठेवला. वीस-बावीस माणसं. तात्या बाजेवर, आप्पा खुर्चीत. शेंगोळे चुलीवरून उतरवून झाकून ठेवलेले, जेवणं पिक्चरनंतर. लाईट आली, पिक्चर लागला, आणि एकाही जागी अडकला नाही. पोरं प्रत्येक ठोशाला ओरडत होती. धाकला शत्रूला जाऊन मिळाला तेव्हा पाठीमागून कुणीतरी शिवी हासडली, "ह्येच्या मायला, भावाला इकला!" शेवटी धाकला दरीत गेला तेव्हा टाळ्या पडल्या. पिक्चर संपला आणि लाईट अजून होती. माझा हिशेब बरोबर आला होता. मी अभिमानानं सगळ्यांकडं पाहिलं.

तात्या उठले नव्हते. त्यांनी विकासला विचारलं, "पुरा किती तासांचा व्हता?"

"सोळा."

"आन् ह्यो?"

"तीन."

"मंग तेरा तास गेलं कुठं?"

"कापलं."

"त्या तेरा तासांत धाकला न्हवता?"

विकासला खोटं बोलता येत नाही, आजही येत नाही. "व्हता की," तो म्हणाला. "लई व्हता."

"काय करत व्हता?"

"काय न्हाई, तात्या. घरचीच कामं. त्यात मारामारी न्हवती."

"घरचीच कामं," तात्या म्हणाले. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा खुर्च्या मोजत होते. तात्या आत गेले, हात धुतले, पण पाटावर बसले नाहीत. काकूनं ताट वाढून नेलं, ते तसंच परत आलं. पहाटेच्या गाडीनं ते गेले.

पुढच्या सुट्टीला तात्या आले नाहीत. काकूनं दुसऱ्या दिवसापासून विकासला पोटाचं पथ्य आहे असं सांगून आपल्या पोरांचं वेगळं शिजवायला सुरुवात केली. पथ्य म्हणून पिठलं आणि मिरचीचा ठेचा, यावरून काय ते सगळ्यांना कळलं. मागच्या पडवीत वेगळ्या चुलीच्या तीन विटा मांडल्या गेल्या. आईनं त्या विटा पाहिल्या, आणि त्या दिवशी तिची भाकरी पहिल्यांदा करपली. एक घर दोन व्हायला आमच्याकडं भांडण लागत नाही, तीन विटा पुरतात. विटा पक्क्या झाल्या असत्या तर विकास पाटसला तात्यांच्या खोलीवर गेला असता, काकूबरोबर, आणि मला भाऊ म्हणून तो एकटाच होता.

आप्पांनी मला गोठ्यात बोलावलं. "खरं सांग. धाकल्याला कापायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"काकूच्या भावानं? त्यो शिरूरला असतो."

"न्हाई, आप्पा."

"मंग माझ्या भावाला वाटतंय मी सांगितलं." त्यांनी गाईपुढची वैरण पुढं सारली. "मी सांगितलं न्हाई, हे तुला तरी ठावं हाय ना?"

त्या प्रश्नानं मी घाबरलो. आपल्या वडिलांनी आपल्याकडं साक्ष मागावी, हे मला नवीन होतं. तिकडं विकास आणि मी एकमेकांशी जपून बोलू लागलो. धाकल्याला काढायचं पहिल्यांदा कोण म्हणालं? मला वाटतं तो. त्याला वाटतं मी. दोघांची मुलं आता हायस्कुलात आहेत आणि हे अजून मिटलेलं नाही. दिवाळीत एकदा निघतंच.

तात्या आले, पण घरी नाही. रात्रपाळी करून थेट शिरूरला, स्टुडिओत. डोळे लाल, हातात कापडी पिशवी. मी कॉलेज सुटून तिथंच बसलो होतो. ते विकासला म्हणाले, "कापलेलं दाव." जगन्नाथमामांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि स्वतःची फिरती खुर्ची त्यांना दिली. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. विकासकडं वळून हळूच म्हणाले, "सांगितलं व्हतं का न्हाई? आत्या येते म्हणून."

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, पुरावा नसला तरी. स्टुडिओच्या समोर रस्त्यापलीकडं तहसील कचेरी होती; जमिनीच्या वाटण्यांचे अर्ज तिथंच द्यायचे. तात्या आले ती वेळ कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीची. त्या दिवशी ते आधी कुठं आले होते आणि पिशवीत काय होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते वारले, आता विचारायची सोय नाही. पण सुट्टी संपून कचेरी उघडली तेव्हाही ते खुर्चीतच होते, एवढं मी पाहिलं.

कापलेले तुकडे विकासनं फेकले नव्हते. ओळीनं लावले तर तो एक वेगळाच पिक्चर होता, आणि तो आमच्यापैकी कुणीच सलग पाहिला नव्हता. मारामाऱ्या सगळ्या आमच्या पिक्चरमध्ये गेलेल्या, त्यामुळं इथं एकही नाही. धाकला भिंत लिंपतोय. धाकला आईचे पाय चेपतोय. दिवा मिणमिणतो, तो उठून तेल घालतो. थोरला यात फक्त दारात दिसायचा. येतो, जेवतो, 'निघतो' म्हणतो आणि जातो. परत येतो, जेवतो, जातो. काय करून आला हे यात कळायलाच मार्ग नाही. तात्या पुढं वाकून बघत होते. कारखान्याच्या गाडीची वेळ झाली तसे उठले. "ऱ्हायलेलं पुढल्या सुट्टीला," म्हणाले. पुढच्या सुट्टीलाही तसंच, घरी न येता.

गावात बातमी गेली ती अशी, की बबन शिरूरला येतो, घरी जात नाही, आणि कचेरीसमोर दिसतो. बबन म्हणजे तात्या. आप्पांना हे एका सोयऱ्यानं सांगितलं. आप्पांनी जेवण अर्धं ठेवलं. तिसऱ्या सुट्टीला ते स्वतः शिरूरला आले, आधी कचेरीत गेले, व्हरांड्यातल्या बाकांवर भावाला शोधलं, आणि तिथं नाही म्हटल्यावर रस्ता ओलांडून आमच्या दारात उभे राहिले. आत तात्यांची पाठ आणि पुढं पडदा. मी उठायला लागलो, तर आप्पांनी हातानं बस म्हणून खुणावलं आणि भिंतीजवळच्या, नवरीला पाय सोडून बसवतात त्या लाल कोचावर टेकले.

पडद्यावर धाकला आईला पाठीवर घेऊन जिना चढत होता. लांब जिना, आणि यात कुठंही कात्री लागलेली नव्हती, कारण काढताना आम्ही तो अख्खाच काढला होता. वर पोचल्यावर त्यानं आईला निजवलं. मग खाली आला. थोरला जेवून गेलेला, भांडी पडलेली. धाकल्यानं ती आवरली आणि पुन्हा भिंतीकडं गेला.

आप्पांच्या तोंडून निघालं, "ह्याला कुणी इचारत न्हाई का, जेवला का म्हणून?"

तात्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांना आवाज कळला असणार. ते म्हणाले, "आजून तरी न्हाई. पुढं हाय का बघू."

"विक्या, पुढं हाय का रं?" आप्पांनी विचारलं.

विकास म्हणाला, "मला आठवत न्हाई, आप्पा. आमी पळवत बघितलं."

"मंग आता पळवू नगंस."

दोघं संध्याकाळपर्यंत बसले. मध्ये मी चहा आणला. उरलेल्या भागात कुणी धाकल्याला जेवण विचारलं नाही. एकदा मात्र थोरला दारात थांबतो, पाठमोरा, धाकला लिंपत असलेल्या भिंतीवर हात ठेवतो आणि काहीतरी बोलणार असं वाटतं; तेवढ्यात बाहेरून हाक येते आणि तो निघून जातो. तिथं आप्पा खुर्चीकडं वाकून म्हणाले, "त्याला हाक आली, बबन. त्यो थांबला व्हता."

"दिसलं मला," तात्या म्हणाले. "पर बोलला न्हाई."

"बोलायचं ऱ्हाऊन जातं."

"सहा पिच्चर?"

आप्पा पडद्याकडं वळले. पडदा काळा झाल्यावर ते म्हणाले, "घरी चल. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस."

"तुमाला काय ठावं?"

"तुझं तोंड सांगतंय. चल, शेंगोळे हायेत."

मला ते दोघे समेट करून निघाले असं लिहायला आवडेल, पण तसं मी पाहिलं नाही. आप्पा तात्यांच्या पिशवीकडं बघत होते आणि तात्या ती मांडीवर घट्ट धरून होते. तात्या त्या रात्री घरी जेवले. तीन विटा दुसऱ्या दिवशी पडवीतून निघाल्या, कुणी काढल्या ते कळलं नाही, आणि आई व काकू दोघींनीही आपण काढल्या नाहीत असं सांगितलं. पुढं आमच्या घरात चुली दोन झाल्याच, पण त्या विकासच्या लग्नानंतर, आणि त्या दिवशी आप्पांनी स्वतः नवा गॅस डोक्यावर घेऊन काकूच्या खोलीत नेला.

त्या संध्याकाळी स्टुडिओतून निघताना आप्पांनी जगन्नाथमामांना विचारलं, "किती झालं?" मामांनी तिन्ही दिवसांचे, कॉम्प्युटर अडकला म्हणून, तीनशे सांगितले. आप्पांनी बंडीच्या खिशातून तीनशे काढून टेबलावर ठेवले. तात्या म्हणाले, "बघितलं मी, तुमी कशाला?" आणि त्यांनी आपले तीनशे त्याशेजारी ठेवले. आप्पा म्हणाले, "उचल तुझं." तात्या म्हणाले, "आधी तुमी उचला." दोघंही एकमेकांच्या हाताकडं बघत उभे राहिले. कुणीच उचलले नाहीत. जगन्नाथमामांनी थोडी वाट पाहिली, मग दोघांच्या नोटा एकावर एक ठेवून, मोजून, सहाशे रुपये आपल्या गल्ल्यात टाकले.